दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मधोमध

"स्टिअरिंग धर," असं म्हणून ताई कँटीनमधला गोल ट्रे समोरच्या बाईच्या हातात कोंबायच्या. "डावीकडे वळव. अजून. पूर्ण वळव, हातगाडी ढकलत नाहीयेस. आता तिकिटाच्या मशीनकडे हात ने. थांब! हलू नकोस." मग कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून त्या वाकायच्या, आणि शर्टाच्या पुढच्या पट्टीत जिथे कापडाने आ वासलेला असायचा तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारायच्या. फुली जवळजवळ नेहमी एकाच जागी पडायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मधोमध.

ग्लासगोच्या आमच्या बस डेपोत बायका पंधरासुद्धा नव्हत्या. ताई त्यांतल्या सगळ्यांत जुन्या. मूळच्या इचलकरंजीच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या, नवरा गेल्यावर चाळिशीत बस चालवायला शिकलेल्या. उंची पाच फूट असेल-नसेल, पण आवाज असा की पाठमोरा माणूससुद्धा जागच्या जागी थांबायचा. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. तो हक्क मी गमावला आहे. कसा, तेच सांगायला बसले आहे.

मी नागपूरची. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे इथे आले, वर्षभर घरात बसून कंटाळले आणि बस कंपनीची जाहिरात बघून ट्रेनिंगला गेले. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, "बरं, पण इथे कोणाला सांगू नकोस." मला मात्र बस आवडली. एवढं मोठं धूड आपल्या दोन हातांनी वळतं, याचा मला लहान मुलासारखा आनंद व्हायचा.

तो आनंद पहिल्याच आठवड्यात एका शर्टाने घालवला.

तुम्ही बसमध्ये चढताना ड्रायव्हरकडे कधी नीट बघितलंय का? ड्रायव्हर बसलेली असते, तुम्ही उभे असता. तुम्ही तिच्या डाव्या हाताला असता आणि थोडे वरून बघत असता. तिचे दोन्ही हात पुढे ताणलेले असतात. आणि अशा वेळी तिच्या अंगावर जर कोणीतरी उभ्या पुतळ्याच्या मापाने शिवलेला, कंपनीचं चिन्ह लावलेला फिकट निळा शर्ट असेल, तर दोन बटणांच्या मधे खिडकी उघडते. मला ते कळलं ते एका म्हाताऱ्या प्रवाशाच्या डोळ्यांवरून. त्याने कार्ड लावलं, मशीन वाजलं, तरी तो पुढे सरकेना. मी त्याची नजर कुठे आहे ते बघितलं आणि खाली बघितलं. त्या दिवशीची उरलेली सगळी ड्यूटी मी एका हाताने शर्ट धरून केली. बस एका हाताने चालवायची नसते, हे मला शिकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सेफ्टी पिन लावली. वळणावर ती उघडली आणि टोचली. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली, ती दुपारपर्यंत घामाने सुटली. चौथ्या दिवशी मी एक माप मोठा शर्ट मागून घेतला. त्याचे खांदे माझ्या कोपरापाशी आले आणि फट होती तिथेच राहिली. मी ठरवून टाकलं की माझंच अंग सुटलंय. रात्रीचा भात बंद केला.

कँटीनमध्ये एका कोपऱ्यात मी पुन्हा पिन लावत होते तेव्हा मागून मराठी ऐकू आलं. "ती पिन काढ आधी. मराठी आहेस ना? डबा उघडलास तेव्हाच वास आला गोड्या मसाल्याचा."

मी चपापून उभी राहिले. म्हणाले, "माझं वजन थोडं वाढलंय, म्हणून..."

"वजन?" त्यांचा आवाज एवढा चढला की पलीकडच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. "तुझं वजन तुझ्याजवळ ठेव. शर्ट चुकलाय. तू नाही चुकलीस." आणि लगेच, माझा चेहरा बघून, "मी रागावले नाहीये. मी सांगतेय."

हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा यायचं. चहा कोमट असला तर, ड्यूटीचा रोटा न विचारता बदलला तर, कोणी बायकांच्या टॉयलेटसमोर झाडू-बादल्या ठेवल्या तर. "मी रागावले नाहीये. मी सांगतेय." खरं तर त्या सतत रागावलेल्या असायच्या. आणि त्यांचा राग प्रत्येक वेळी रास्त असायचा, हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मीही इतरांबरोबर हसायचे.

त्यांनी त्या दिवशी मला दोन गोष्टी समजावल्या. पहिली अशी: बटणं गळ्यापासून खाली सारख्या अंतरावर मोजत येतात, तिथेच घोळ होतो. छाती जिथे सगळ्यांत भरलेली असते तिथे एक बटण आधी पक्कं करायचं आणि मग तिथून वर आणि खाली मोजत जायचं. शर्ट तयार असेल तर फटीच्या जागी पट्टीच्या आतून एक चपटं टिचबटण लावायचं, बाहेरून दिसत नाही. त्यानेही भागलं नाही तर बगलेखालची शिलाई उसवून आत दुमडलेलं कापड थोडं मोकळं करायचं.

दुसरी गोष्ट सांगताना त्यांनी समोर बसलेल्या एका पुरुष ड्रायव्हरकडे बोट केलं. "त्याची पट्टी बघ. डावी बाजू वर. म्हणजे शर्टाचं तोंड त्याच्या उजवीकडे. आता तुझी बघ. उजवी बाजू वर, तोंड डावीकडे. या देशात ड्रायव्हर उजव्या बाजूला बसतो आणि दार डाव्या बाजूला असतं. त्याचा शर्ट उघडला तर खिडकीला दिसतो. आपला उघडला तर प्रवाशांना. इतकी वर्षं बायका बस चालवतायत, एकाच्याही डोक्यात आलं नाही."

मी चकित झाले. तुम्हीही आत्ता मनातल्या मनात आपल्या शर्टाची पट्टी आठवून बघत असाल. बघा. त्यांचं बरोबर आहे.

चष्म्याच्या एका जुन्या घरात त्यांची सगळी सामग्री असायची: सुया, निळा दोरा, छोटी कात्री आणि टिचबटणांचं पाकीट. शेवटच्या स्टॉपवर गाडी उभी असताना मिळणाऱ्या दहा मिनिटांत त्या शिवायच्या. माझे तीन शर्ट त्यांनी तीन दिवसांत केले. मी स्वतः, माझ्या हाताने, ते पिशवीत घालून त्यांच्याकडे नेऊन दिले होते. म्हणाले होते, "ताई, प्लीज, माझे पण करा ना." हे वाक्य लक्षात ठेवा.

हळूहळू डेपोतल्या सगळ्याच जणी ट्रे हातात धरून त्यांच्यासमोर बसून गेल्या. त्यांत एक चोवीस वर्षांची स्कॉटिश मुलगी होती, माझ्यानंतर महिन्याभराने लागलेली. तिचं नाव आयला. ताईंनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं, "हिच्या आईने हिला हे नाव ठेवलं? मग ती हिच्यावर चिडल्यावर काय म्हणत असेल?" आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. आयलाने कारण विचारलं, आम्ही सांगितलं, तर ती आमच्यापेक्षा जास्त हसली आणि तेव्हापासून सिग्नल लाल झाला की स्वतःचंच नाव घ्यायला लागली.

तिचा शर्ट शिवून व्हायच्या आधीच ते घडलं. कोणीतरी बसमध्ये चढताना फोनवरून तिचा फोटो काढला आणि बसचा नंबर दिसेल असा इंटरनेटवर टाकला. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. आयलाच्या भावानेच तो तिला दाखवला. ती दोन दिवस कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर मॅनेजरच्या सहीचा कागद लागला: महिला चालकांनी शर्टाच्या आत साधा, गडद रंगाचा बनियन घालण्याची दक्षता घ्यावी.

दक्षता! उन्हाळ्यात काचेच्या मागे केबिन भट्टीसारखी तापते. आणि फोटो कोणी काढला, त्याचं काय झालं, याबद्दल त्या कागदावर अवाक्षर नव्हतं. ताईंनी तो कागद दोनदा वाचला. मग खिशातून पेन काढून त्याच्याखाली ठळक अक्षरांत इंग्रजीत लिहिलं: "आणि प्रवाशांनी डोळ्यांवर काय घालावं?" खाली स्वतःची सही केली, कर्मचारी क्रमांकासकट.

त्यानंतर महिन्याने नव्या युनिफॉर्मबद्दल बैठक झाली. शर्ट पुरवणाऱ्यांचा माणूस आला होता, बरोबर एक बाईचा पुतळा, त्यावर इस्त्रीचा शर्ट. माणूस गोड बोलणारा होता. कापड, धुलाई, रंगाची हमी असं सगळं सांगून झाल्यावर त्याने प्रश्न मागवले. ताईंनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"ही कुठल्या रूटवर असते?"

त्याला कळलं नाही. ताईंनी पुतळ्याकडे बोट केलं. "ही. कुठली बस चालवते ही? कारण आमच्यातली कोणी उभं राहून बस चालवत नाही. हिला बसवा."

"मॅडम, हा वाकत नाही."

"मग शर्ट कोणासाठी शिवलाय?"

त्या उठून पुतळ्यापाशी गेल्या आणि त्याचे हात स्टिअरिंग धरल्यासारखे पुढे आणायचा प्रयत्न करू लागल्या. डावा हात खटकन निखळून त्यांच्या हातात आला. सगळी खोली हसली. मॅनेजरला तर ठसका लागला. ताई हसल्या नाहीत. तो प्लास्टिकचा हात छडीसारखा धरून त्या दहा मिनिटं बोलल्या. बटणांचं अंतर, पट्टीची बाजू, आयलाचा फोटो, सगळं. इंग्रजी त्यांचं ग्लासगोचंच, फक्त राग इचलकरंजीचा. बोलणं संपेपर्यंत कोणी हसत नव्हतं. आयला मान खाली घालून रडत होती. मॅनेजर म्हणाला, "मुद्दा लिहून घेतलाय, हेन." इथे कुठल्याही बाईला लाडाने 'हेन' म्हणतात. त्या दिवशी त्यात लाड नव्हता.

दोन आठवड्यांत ताईंवर आरोपपत्र आलं. कंपनीच्या मालमत्तेत विनापरवानगी फेरफार. मालमत्ता म्हणजे आमचे शर्ट. नोटिशीवर लिहिलं त्याबद्दल काही नाही, बैठकीबद्दल काही नाही. फक्त शर्ट. चौकशीसाठी आम्हाला एकेकीला आत बोलावलं.

आयला माझ्या आधी गेली. बाहेर येताना दार उघडंच होतं, तिचं शेवटचं वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. "मी तिला करायला सांगितलं, आणि उद्या परत सांगेन."

मग मी. मॅनेजर अगदी सौम्य होता. म्हणाला, "बस, बस. तुझ्याविरुद्ध काहीच नाही. तुझा प्रोबेशनचा काळ पुढच्या महिन्यात संपतोय ना? चांगला रिपोर्ट आहे तुझा." मग त्याने कागद ओढला. "तिने आपणहून तुझे शर्ट घेतले, की तू दिलेस?"

मी उत्तर द्यायला किती वेळ लावला असेल? भिंतीवर एक कॅलेंडर होतं, डोंगरांचं. मी त्या डोंगराकडे बघितलं आणि म्हणाले, "मी मागितलं नव्हतं. त्यांनीच घेतले."

त्याने लिहिलं. मी सही केली. ती सही करताना माझ्या अंगावर ताईंनी शिवलेलाच शर्ट होता, आणि टेबलावर वाकूनसुद्धा तो कुठे उघडला नाही.

इथे आरोप असलेल्या माणसाला सगळ्यांचे जबाब वाचायला मिळतात. हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी खरं बोलले असते का, ते सांगता येत नाही.

ताईंना शेवटचा लेखी इशारा मिळाला. सगळ्या जबाबांत त्यांच्याविरुद्ध एकच होता. पण एक पुरला.

त्या दिवशी दुपारी त्या कँटीनमध्ये सरळ माझ्या टेबलापाशी आल्या. बसल्या नाहीत.

"मराठीत विचारते, मराठीत सांग. शर्ट घेऊन तू माझ्याकडे आलीस, की मी तुझ्याकडे?"

"मी आले."

"मग कागदावर उलटं का?"

"ताई, माझा व्हिसा..."

"तुझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर आहे. तूच सांगितलंस मला. तुझी नोकरी गेली तरी तुला कोणी घालवत नव्हतं." आवाज चढलेला नव्हता. मी त्यांना एवढ्या हळू बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. "भीती वाटली म्हण. ते मी ऐकून घेईन."

मी म्हणाले नाही. का, ते मला अजून कळत नाही. तीन शब्द होते. मी ट्रेमधल्या सूपकडे बघत बसले. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग गेल्या. पुढचे चार महिने त्या माझ्याशी फक्त कामापुरतं, इंग्रजीत बोलल्या. मग एका शुक्रवारी राजीनामा देऊन, केक-बिक काही न कापता निघून गेल्या. डेपोतली इतक्या वर्षांची बाई, आणि मॅनेजर म्हणाला, "आता जरा शांतता."

पुढच्या वर्षी नवे शर्ट आले. मी पिशवी फोडून एक अंगात घातला आणि आरशासमोर हात पुढे केले. फट नव्हती. पट्टीच्या आत, दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मधे, एक लपवलेलं बटण होतं. बायकांच्या शर्टाची पट्टीसुद्धा उलटी केली होती, तोंड खिडकीकडे. बोर्डावर एक चकचकीत पोस्टर लागलं: हसणारी बाई, हातात स्टिअरिंग, खाली लिहिलेलं, "तुम्ही सांगितलंत, आम्ही ऐकलं."

आम्ही ऐकलं! माझी कानशिलं तापली. मी तशीच मॅनेजरच्या खोलीत गेले. म्हणाले, "माझा जबाब खोटा होता. तो मला बदलायचाय. शर्ट मी दिले होते. आणि हे पोस्टर तिचं आहे, तिचं नाव टाका."

तो जुनाच सौम्य आवाज. "झालं गेलं, हेन. ती सोडून गेली. आता कोणाला काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"आधी पडायला हवा होता," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते ऐकायला लागलं, याचा राग मला आजही आवरत नाही. कारण ते खरं होतं आणि ते बोलायचा त्याला काही अधिकार नव्हता. मी जबाब नव्याने लिहिला, तारीख घातली, सही केली, आयलाला साक्षीला घेतलं आणि त्याच्या टेबलावर ठेवला. त्याची एक प्रत ताईंच्या पत्त्यावर पाठवली, सोबत मराठीत चिठ्ठी लिहून. चिठ्ठीत ते तीन शब्द लिहिले: मला भीती वाटली. उत्तर आलं नाही. पोस्टर वर्षभर तसंच होतं. मग कोपरे सुटले आणि सफाईवाल्याने काढून टाकलं.

नव्याने लागलेल्या मुली तो शर्ट अंगात घालतात आणि सरळ गाडी काढतात. त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. वाटूही नये. पण कधीकधी मला त्यांच्या खांद्यांना धरून हलवावंसं वाटतं.

गेल्या महिन्यात मी क्लाइड नदी ओलांडून येणारा रूट चालवत होते. पाऊस होता. एका स्टॉपवर पाच-सहा जण उभे होते, त्यांत पहिल्या त्या. केस पूर्ण पांढरे झालेले, हातात भाजीची पिशवी. साठीनंतर इथे बसचा पास फुकट मिळतो. त्यांनी तो मशीनला लावला आणि वर बघितलं.

"ताई," मी म्हणाले.

त्यांनी मला ओळखलं. डोळ्यांत दिसलं. "मागे लोक भिजतायत," त्या मराठीत म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी आरशातून बघत होते. त्या तिसऱ्या रांगेत, खिडकीशी बसल्या. अकरा स्टॉप. प्रत्येक सिग्नलला मी मनात वाक्य तयार करत होते आणि हिरवा झाला की विसरत होते. चिठ्ठी मिळाली का, एवढं तरी विचारायचं होतं.

ग्लासगोची एक रीत आहे. बसला दार एकच, पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, आणि उतरणारा प्रत्येक माणूस "चियर्स, ड्रायव्हर" असे आभार मानून उतरतो. शाळेची पोरं म्हणतात, झिंगलेला म्हणतो, ज्याला आयुष्यात परत बघणार नाही तोही म्हणतो. त्याला काही अर्थ नसतो.

त्यांचा स्टॉप आला. त्या दांडा धरून सावकाश पुढे आल्या, माझ्यापाशी एक क्षण थांबल्या. मी तोंड उघडलं.

"चियर्स, ड्रायव्हर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

त्या उतरल्या, छत्री उघडली आणि चढाच्या रस्त्याला लागल्या. मी दार लावलं.